होडी घेतली, आता शिकायचं कुठे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी रत्नागिरीला यायला निघाले त्याच्या चार दिवस आधी कॉव्हेंट्रीहून एका गृहस्थांचा फोन आला. प्रत्यक्ष ओळख नव्हती. तिकडच्या गणपतीत कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. चाळिशीतला आवाज, बोलण्यात घाई. "मावशी, आम्ही नॅरोबोट घेतली," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात ताब्यात मिळेल. ती चालवायला शिकायचं तर कोर्स कुठला करावा? इंटरनेटवर वीस दिसतात." मी म्हटलं, दोन मिनिटांत सांगते. फोन ठेवला तेव्हा दीड तास झाला होता आणि शेगडीवरची आमटी करपली होती. त्या दीड तासातलं कामाचं तेवढं आज तुम्हाला सांगते.

आधी ही नॅरोबोट म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा, लोखंड, चिनी माती वाहून न्यायला कालवे खणले गेले. रेल्वे अजून यायची होती. कालवा चढावर न्यायचा तर मधे लॉक बांधावं लागतं. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरीच म्हणा ना. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी खोली. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, आणि पाणी भरून होडी वर उचलायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. मधल्या इंग्लंडात ही लॉक जेमतेम सात फूट रुंद बांधली. त्यामुळे होडीही सात फुटांहून किंचित कमी रुंद, आणि रुंदी मिळेना म्हणून लांब, थेट सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत. आगगाडीचा डबा दोन्ही बाजूंनी दाबून चिंचोळा केला आणि पाण्यात सोडला, असं डोळ्यांसमोर आणा. आता कोळसा गेला. त्याच होड्यांत लोक पलंग, ओटा, न्हाणीघर, लाकडाची शेगडी बसवतात आणि सुट्टीत हिंडतात. काही तर बारा महिने तिथेच राहतात. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते.

मी मूळची जयगडची. लग्न होऊन लेस्टरला गेले, तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. आमचे हे मशिन फिटर. हाताला तेल लागल्याशिवाय यांना दिवस गेल्यासारखा वाटत नाही. निवृत्तीनंतर मुलं म्हणाली, बाबा, छानपैकी कॅम्पर व्हॅन घ्या. यांनी 2022च्या वसंतात पन्नास फुटांची जुनी नॅरोबोट घेतली. वजन पंधरा-सोळा टन.

आता गंमत ऐका. पन्नास सीसीची मोपेड रस्त्यावर काढायची तर तिकडे लायसन लागतं. सोळा टनांची पोलादी होडी स्वतःच्या मौजेसाठी कालव्यात चालवायला चालवणाऱ्याकडे कसलाही परवाना लागत नाही. परवाना होडीला लागतो. तिचा विमा लागतो, दर चार वर्षांनी तिची सुरक्षा तपासणी लागते. गॅस, वीज, इंजिन सगळं बघतात. माणसाला कोणी काही विचारत नाही. म्हणजे कोर्स करायचा तो आपल्या अकलेनं, आणि निवडायचाही आपल्याच अकलेनं.

आम्हाला शिकवलं ते होडी विकणाऱ्यानं. अर्धा तास. चावी इथे, गिअर इथे, सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, शुभेच्छा. हे म्हणाले, सोपं आहे. चार मैल ताशी वेगमर्यादा, माणूस भरभर चालला तर होडीला मागे टाकेल. त्यात काय व्हायचंय?

काय व्हायचं ते तिसऱ्या दिवशी झालं. आम्ही एका लॉकमधून खाली उतरत होतो. मी वर काठावर, हातात विंडलास. विंडलास म्हणजे काटकोनात वाकवलेली लोखंडी किल्ली; ती दातेरी यंत्रावर बसवून फिरवली की पाण्याखालची झडप उघडते. तिला तिकडे पॅडल म्हणतात. मी खालच्या दरवाजाची पॅडल उघडली, पाणी उतरायला लागलं. हे मागे सुकाणूवर. ऊन होतं म्हणून टोपी आणायला दोन पायऱ्या आत उतरले. तेवढ्यात होडी हळूच, अगदी बोटभर बोटभर, मागे सरकली.

लॉकच्या वरच्या दरवाजाच्या पायाशी एक उंबरठा असतो. आपल्या घराच्या उंबरठ्यासारखाच, पण दगडाकाँक्रीटचा आणि बराच आत आलेला. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. तो कुठवर आहे हे कळावं म्हणून बाजूच्या भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. त्या रेघेच्या पुढे होडी ठेवायची, एवढी एकच गोष्ट उतरताना सांभाळायची असते. ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पाणी उतरलं, होडीचं शेपूट उंबरठ्यावर टेकलं आणि नाक खाली जायला लागलं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, यांचंच काही पडलं. कुत्रा फिरवायला आलेला एक म्हातारा जोरात ओरडला, "पॅडल बंद कर! पॅडल!" मी किल्ली उलटी फिरवली. त्या यंत्राचे दाते एकेक करून वाजत होते ते मला आजही ऐकू येतं. पाणी थांबलं. मग त्या गृहस्थांनी वरची पॅडल जराशी उघडायला लावली, लॉक पुन्हा हळूहळू भरलं, आणि शेपूट उंबरठ्यावरून तरंगून सुटलं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर पुढच्या दारातून पाणी आत शिरलं असतं आणि होडी तिथेच बुडाली असती. तिथे होड्या अशाच बुडतात.

त्या रात्री हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कोर्स करतो." करतो म्हणाले, करू या असं नाही म्हणाले. तेव्हा मलाही ते खटकलं नाही.

आता कोर्सांकडे येते. नव्या मालकाचा सहसा ज्याच्याशी संबंध येतो तो रॉयल यॉटिंग असोसिएशनचा. त्याचं नाव इनलँड वॉटरवेज हेल्म्समन, म्हणजे अंतर्गत जलमार्गांवरचा सुकाणूवाला. एक किंवा दोन दिवसांचा असतो. लेखी परीक्षा नाही. शिकवणारा दिवसभर तुमचं काम पाहतो आणि प्रमाणपत्र देतो. काही विमा कंपन्या त्यावर थोडी सूट देतात. त्याशिवाय धर्मादाय संस्थांच्या प्रवासी होड्यांवर स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी वेगळे कोर्स असतात. तुमच्या होडीत बारा शाळकरी मुलं बसणार नसतील तर त्यांची गरज नाही. युरोपच्या जलमार्गांवर होडी न्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं, तिकडच्या खुणा-नियमांची वेगळी चाचणी असते. कॉव्हेंट्रीवाल्यांनी त्याबद्दलच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. मी म्हटलं, आधी कॉव्हेंट्रीतून बाहेर पडा, मग पॅरिसचं बघू.

म्हणजे प्रश्न अभ्यासक्रमाचा फारसा नाहीच. अभ्यासक्रम सगळीकडे साधारण तोच. खरे प्रश्न तीन: होडी कुणाची, पाणी कुठलं, आणि शिकायला बसणार कोण.

यांनी पहिल्यांदा जो कोर्स केला तो एका केंद्रात, केंद्राच्या होडीवर. चार विद्यार्थी, एक शिक्षक, एक होडी. कोर्स वाईट नव्हता. इंजिन तपासणं, दोर बांधणं, लॉक, सगळं झालं. पण हिशेब करा. दिवसाचे सात तास धरा, त्यातले दोन चहा-जेवण आणि बोलण्यात. उरले पाच, त्याचे चार भाग. आणि केंद्राची होडी आमच्यापेक्षा बरीच आखूड, हलकी, सुकाणू लोण्यासारखं. हे प्रमाणपत्र घेऊन आले, चौकटीत बसवलं. पुढच्या रविवारी आमची होडी वाऱ्यात वळवायला गेले आणि कालव्याच्या मधोमध आडवी अडकवून ठेवली, दोन्ही बाजूंना सहा-सहा होड्या खोळंबल्या. इंग्रज माणूस अशा वेळी काही बोलत नाही, चहा करायला घेतो. बारा होड्यांवर चहा झाला.

स्वतःची होडी ज्याच्याकडे आहे त्यानं शिक्षकाला आपल्या होडीवर बोलवावं, हे माझं पहिलं सांगणं. तिकडे असे शिक्षक असतात, ते तुमच्या धक्क्यावर येतात. माणशी पाहिलं तर महाग वाटतं. पण फी बहुधा दिवसाची असते, तेव्हा दोघं शिकलात तर फार फरक पडत नाही. प्रत्येक होडीचं आपलं एक वळण असतं. रिव्हर्समध्ये टाकली की पंख्याच्या फिरण्यानं शेपूट एका बाजूला खेचलं जातं. आमची डावीकडे खेचते. हे केंद्राच्या होडीवर कोण शिकवणार? आणि शिकायला येणारा शिक्षक तुमच्या इंजिनखोलीत डोकं घालतो, तुमचा झिजलेला दोर बघून नाक मुरडतो. त्याचेच अर्धे पैसे वसूल होतात.

ज्याच्याकडे अजून होडी नाही, घ्यावी की नाही अशा विचारात आहे, त्याला मात्र केंद्राचाच कोर्स बरा. किंवा आठवडाभर होडी भाड्यानं घ्यावी. एका पावसाळी आठवड्यात त्या डब्यात दोघं राहून बघा. होडी घ्यायची की नाही ते कळेल, इतरही काही गोष्टी कळतील.

दुसरा प्रश्न पाण्याचा. लेस्टरजवळ दोन प्रकारची पाणी आहेत. दक्षिणेला ग्रँड युनियन कालव्याची शाखा. फॉक्स्टन इथे एकाला एक लागून पाच-पाच लॉकच्या दोन माळा आहेत, सगळी मिळून दहा पायऱ्या, पंचाहत्तर फूट चढ. तिथली पॅडल लाल आणि पांढरी रंगवलेली आहेत. आधी लाल, मग पांढरं. उलटं केलं की पाणी भलत्या लॉकमध्ये जातं. माथ्यावर पोचलात की वीस मैल एकही लॉक नाही, स्थिर पाणी, मेंढ्या आणि वारा. आणि लेस्टरच्या उत्तरेला सोअर नदी. तिथे प्रवाह आहे, बंधारे आहेत, पावसानंतर पाणी चढतं. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या पट्ट्यांचे फलक लावलेले असतात, पाणी तांबड्यात असेल तर होडी बांधून घरी जायचं. प्रवाहाबरोबर जाताना होडी थांबत नाही, इंजिन बंद पडलं तर नांगर टाकावा लागतो. कालव्यावर नांगराचं कोणी नावही काढत नाही. तेव्हा तुमची होडी जिथे राहणार तिथलं पाणी कोर्समध्ये आहे का, हे विचारायचं. वसंतात शिकून पावसाळी नदीवर जाणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकून आमच्या जयगडच्या खाडीत उतरणं.

तारखेचंही एक पाहावं लागतं. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. आणि 2025च्या उन्हाळ्यात पावसानं ओढ दिली तेव्हा पाणी वाचवायला कित्येक कालव्यांवरची वाहतूकच थांबवावी लागली होती. पैसे भरण्याआधी विचारा, लॉक मिळालं नाही तर काय करणार. लॉकशिवायचा कोर्स म्हणजे कणकेशिवायची पोळी.

आता तिसरा प्रश्न. माझ्या दृष्टीनं हाच मुख्य.

बारा चहांच्या रविवारानंतर यांनी एका शिक्षिकेला फोन लावला. बाई साठीच्या, आवाज करडा. फोन स्पीकरवर होता. होडी किती फुटी, इंजिन कुठलं, बांधता कुठे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्हा दोघांतलं एकट्यानं होडी कोण थांबवू शकतं?"

हे म्हणाले, "मी."

"आणि तुम्हीच पाण्यात पडलात तर?"

फोनवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी कोथिंबीर निवडत होते, तीही थांबले.

श्रोतेहो, त्या कालव्यांवर तुम्ही दहा लॉक बघा. नऊ ठिकाणी पुरुष सुकाणू धरून उभा दिसेल आणि बायको काठावर पाठ लावून टनावारी वजनाचा दरवाजा ढकलत असेल. जोर कुणात जास्त? मग दरवाजा कुणी ढकलायचा? पण सुकाणू म्हणजे कप्तानी ना! आमचंही तेच होतं. मी लहानपणी जयगडहून तवसाळला जाणाऱ्या होडीत बसायचे तेव्हाही मला मधे बसवायचे, परकर ओला होऊ नये म्हणून पाय वर. आमच्या भावाला सुकाणूला हात लावू द्यायचे, मला नाही. त्याबद्दल मी कधी रडले नाही, पण विसरलेही नव्हते, हे त्या बाईंच्या प्रश्नानंतर कळलं. शिवाय यांच्या हृदयात त्याआधीच एक स्टेंट बसवलेला.

बाई आल्या त्या दिवशी त्यांनी पहिला तासभर इंजिन सुरूच करू दिलं नाही. तेल, पाणी, पंख्याच्या दांड्याचं ग्रीस. मग पंख्यावरचं झाकण. शेपटाकडे एक चौकोनी झाकण असतं, ते उघडून पंख्यात अडकलेलं प्लास्टिक, दोर, कधी कुणाची साडीसुद्धा काढता येते. आधी इंजिन बंद, चावी काढून खिशात, मगच हात आत. आणि झाकण परत घट्ट. ते सैल राहिलं तर इंजिन सुरू केल्याबरोबर पाणी आत उसळतं. बाईंनी हे दोघांकडून तीन-तीनदा करून घेतलं. यांना वाटत होतं की यंत्र हा आपला प्रांत. बाईंनी पाना माझ्या हातात दिला.

मग म्हणाल्या, आज दुपारपर्यंत सुकाणू ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. पहिला धडा थांबण्याचा. होडीला ब्रेक नसतो. गिअर न्यूट्रलला आणला तरी सोळा टन आपल्या मर्जीनं पुढे जात राहतात. रिव्हर्स द्यायचा, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काही ऐकत नाही, हे धरून चालायचं. नाक भरकटलं तर क्षणभर पुढचा गिअर, एक झटका, परत रिव्हर्स. मी वीस वेळा थांबवली. काठावरच्या एका झुडपाच्या समोर, त्या झुडपाला मी आता ओळखते. दुसरा धडा असा की होडी मोटारीसारखी नाकानं वळत नाही, ती पोटाभोवती फिरते. नाक डावीकडे नेलंत तर शेपूट उजवीकडे फाकतं आणि तिथे बांधलेल्या होडीला लागतं. हे गाडी चालवणाऱ्यांना फार जड जातं. मी गाडी फारशी चालवली नव्हती, त्यामुळे मला विसरायचं काही नव्हतं. बाई म्हणाल्या की हे त्यांना बऱ्याच बायकांच्या बाबतीत दिसतं. यांनी ऐकलं नाहीसं दाखवलं.

तिसरा धडा माणूस पडल्याचा. बाईंनी न सांगता एक बादली पाण्यात फेकली आणि ओरडल्या, "नवरा!" मी घाबरून रिव्हर्स दिला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, आता त्याचे पाय पंख्यात गेले. पहिली गोष्ट न्यूट्रल. पंखा थांबला पाहिजे. दुसरी, त्याला ओरडून सांगायचं, उभा राहा! कालवा बहुतेक ठिकाणी छातीइतकाच खोल असतो आणि माणसं घाबरून कंबरभर पाण्यात गटांगळ्या खातात. लॉकमध्ये आणि नदीत मात्र हे चालत नाही, तिथे दोर आणि जीवरक्षक जाकीट. होडी भिंतीला लागत असेल तर हातापायानं अडवायची नाही. सोळा टन आणि भिंत यांच्या मधे हाड टिकत नाही. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पण अशा आवाजात की पुन्हा सांगायला नको.

जेवताना बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती फार आवडली. दुसऱ्या महायुद्धात नावाडी कमी पडले तेव्हा ग्रँड युनियनवर माल वाहायला बायकांची भरती झाली. शहरातल्या, शिकलेल्या मुली, काहींनी आयुष्यात दोर धरला नव्हता. त्यांचा कोर्स म्हणजे शिकवणारीबरोबर भरल्या होडीच्या एकदोन फेऱ्या. लंडनहून माल भरून बर्मिंगहॅमकडे, येताना कोळसा. मग तीन मुली आणि होड्यांची एक जोडी, पुढची इंजिनची, मागची ओढायची, सुमारे पन्नास टन माल. त्यांच्यातल्या एमा स्मिथ यांनी युद्धानंतर त्यावर 'मेडन्स ट्रिप' हे पुस्तक लिहिलं, 1948 साली. मला त्यातलं लक्षात राहिलं ते हे, की शिकवणारी त्यांच्याबरोबर त्यांच्याच होडीवर होती आणि काम खरं होतं.

दुपारनंतर हे लॉकवर, मी होडीत. हे काठावर उभे राहून मला पांढरी रेघ दाखवत होते, जणू ती यांनीच शोधून काढली. रुंद लॉकमध्ये एकटी होडी वर चढताना आपल्या बाजूच्या तळाची पॅडल आधी उघडली की पाणी पलीकडून वळून होडीला भिंतीशी दाबून ठेवतं, हेही तिथेच कळलं. संध्याकाळी दोघांना वेगवेगळी प्रमाणपत्रं मिळाली. यांची चौकट आधीच भिंतीवर होती. माझं चमच्यांच्या खणात आहे.

2024च्या सप्टेंबरात आम्ही त्या माथ्यावरच्या वीस मैलांत होतो. तिथे एक किलोमीटरहून थोडा लांब बोगदा आहे, हजबंड्स बॉसवर्थ नावाच्या गावाजवळ. नावात हजबंड आहे, पण त्याचा अर्थ शेतकरी. त्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि यांनी दांडा सोडून छातीवर हात ठेवला. म्हणाले, "अगं, जरा बघ." एवढंच.

बोगद्यानंतर तो भाग झाडीचा आहे, रस्ता जवळ नाही. रुग्णवाहिका बोलवायची तर कुठे? कालव्याला पत्ता नसतो. पण प्रत्येक पुलाला नंबर असतो, दगडावर लिहिलेला. बाईंनी सवय लावली होती, गेलेल्या पुलाचा नंबर मनात ठेवायचा. पुढच्या पुलावरून गाडीवाट जाताना नकाशात दिसत होती. मी यांना खाली बसवलं, होडी पुलापर्यंत नेली, थांबवली, मधला दोर घेऊन काठावर उतरले. हे पांढरेफटक पडलेले, घाम फुटलेला, आणि तशात मला सांगताहेत, "मधला दोर आधी बांध गं." बांधून झाला होता. 999 ला पुलाचा नंबर आणि कालव्याचं नाव सांगितलं. वीसेक मिनिटांत माणसं शेतातून चालत आली.

आता हे बरे आहेत, आणखी एक स्टेंट घेऊन. त्या रात्री मुलगा मला होडीवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, आई, होडी राहू दे, कुणाला तरी पाठवून आणू. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो बरोबर घेऊन फॉक्स्टनपर्यंत आणली. लॉकवर ट्रस्टचे स्वयंसेवक असतात, त्यांनी दरवाजे ढकलायला मदत केली. दहा लॉक उतरायला सुमारे तास लागला. शेपूट कुठेही लागलं नाही.

हे सगळं मी कॉव्हेंट्रीवाल्यांना सांगितलं, आमटी करपली ती त्यात. ते अगदी मनापासून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, पटलं. आपल्याच होडीवर, आपल्याच पाण्यावर. मी उद्याच माझं नाव घालतो."

मी म्हटलं, "फोन जरा घरात द्या."

बाई लाजत लाजत फोनवर आल्या. म्हणाल्या, "मावशी, मला पोहताही येत नाही. मी आपलं आतलं बघीन, पडदे वगैरे." मी म्हटलं, पडद्यांचं मापही सांगते, पण तुम्हाला काही विचारायचं असेल तर आधी विचारा. त्या जरा थांबल्या. पलीकडून नवऱ्याचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"ती थांबवायची कशी?"